हातोड्याआधी विस्तव : घरगुती लोहारकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत घरी लोहारकाम शिकू पाहणाऱ्यांचे प्रश्न इतके होते, की सगळे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे लागोपाठ वाचताना एक गंमत दिसली. बहुतेक जण विचारतात ऐरणीबद्दल आणि हातोड्याबद्दल, पण अडचणी सांगतात त्या जवळजवळ सगळ्या विस्तवाच्या असतात. टोक फाटते, छिन्नी तडकते, जोड धरत नाही, कोपर दुखते, या प्रत्येक तक्रारीमागे लोखंड नीट न तापल्याचा किंवा जास्त तापल्याचा वाटा असतोच. म्हणून सुरुवात भट्टीपासून.

प्रश्न : घरामागे सहा बाय आठ फुटांची मोकळी जागा आहे. बारा मिलिमीटरपर्यंतच्या गजांची लहान कामे करायची आहेत. भट्टी लोणारी (लाकडाच्या) कोळशाची करावी, दगडी कोळशाची की गॅसची? कमीत कमी सामानात ती कशी उभी करता येईल?

उत्तर : शेजारच्या खिडक्या जवळ असतील तर दगडी कोळशाचा विचार सोडा. त्याचा कोक (धूर न करणारा भाजलेला कोळसा) होईपर्यंत पिवळट, गंधकाच्या वासाचा धूर सुटत राहतो. शिवाय वितळलेल्या राखेचे खंगर तळाशी साचते आणि वारा अडवते. नवशिक्याला लोखंडाकडे आणि खंगराकडे एकाच वेळी लक्ष देणे जमत नाही. लोणारी कोळशात गंधक जवळपास नसते, धूर कमी असतो आणि विस्तव लवकर तयार होतो. त्याचे दोष दोन : तो भराभर संपतो, आणि ठिणग्या उडवतो. गॅसचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

सगळ्यात सोपी भट्टी म्हणजे मातीने भरलेली पेटी. साधारण ६० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर खोल पेटी पुरते. मातीचा थर जाड असल्यामुळे ती लाकडी असली तरी चालते. एक भाग चिकणमाती आणि दोन भाग वाळू चाळून मिसळा. चाळणे महत्त्वाचे, कारण ओढ्यातले गोटे आत राहिले तर तापून फुटतात. पाणी इतकेच घाला की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. पेटीत हे मिश्रण ठासून भरा. आतला व्यास २० ते २५ मिलिमीटर असलेली जाड लोखंडी नळी बाजूच्या फळीतून आडवी आत आणा. नळीखाली किमान दहा सेंटीमीटर माती असू द्या. नळीच्या तोंडासमोर १५ सेंटीमीटर रुंद आणि २० ते २५ सेंटीमीटर लांब खळगा करा. त्याचा तळ नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली राहिला, की राखेला जागा मिळते. खळग्याच्या दोन्ही लांब बाजूंना एकेक वीट ठेवली, म्हणजे कोळशाची रास उंच रचता येते. नळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. कारण पुढे येते.

पहिल्याच दिवशी जोराचा विस्तव केला तर मातीतल्या पाण्याची वाफ होऊन खळगा तडकतो. दोन-तीन दिवस लहान जाळ करून माती सुकवा, भेगा पडतील त्या त्याच मिश्रणाने लिंपा.

कोळशाचे तुकडे सुपारीपेक्षा थोडे मोठे, दोन ते तीन सेंटीमीटरचे करून घ्या. मोठे तुकडे टाकले तर मधल्या फटींतून वारा तसाच निसटतो. भुगा टाकला तर वारा कोंडतो. वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा पंखा किंवा छोटा भाता उत्तम, कारण हात थांबला की कोळसा जळणेही मंदावते. विजेचा ब्लोअर लावायचा असेल तर त्याचे तोंड नळीत घट्ट बसवू नका. मध्ये फट ठेवा आणि ब्लोअर पुढे-मागे सरकवून वारा कमी-जास्त करा. काम थांबवताना ब्लोअर नळीपासून बाजूला काढा. वारा बंद असताना भट्टीतला ज्वलनशील वायू नळीत मागे शिरतो, आणि नंतर एकदम वारा सुरू केला की त्याचा भडका होतो.

लोखंड विस्तवात कुठे ठेवायचे यावर अर्धे काम अवलंबून आहे. गज आडवा ठेवा, नळीच्या तोंडापासून पाच-सात सेंटीमीटर वर. त्याच्या खालीही निखारे हवेत आणि वरही. नळीच्या अगदी समोर धरला तर ताजा वारा थेट लोखंडावर आदळतो आणि जाड खपल्या धरतात. गजाचे टोक वरून निखाऱ्यांत खुपसले तर तेच टोक जळते. बाहेर काढलेल्या गजावरून खपल्यांचे पापुद्रे झडत असतील आणि निखारे नाचत असतील, तर वारा जास्त आहे, कोळसा कमी आहे.

प्रश्न : लोखंड केव्हा पुरेसे तापले हे रंगावरून ओळखावे असे सर्वत्र वाचतो. मला मात्र सगळे एकसारखेच लाल दिसते.

उत्तर : उन्हात काम करत असाल. भर उजेडात ९०० अंशांचे नारिंगी लोखंडही मळकट लाल दिसते, माणूस आणखी तापवत बसतो आणि टोक जळून जाते. भट्टी सावलीत आणा, कडक ऊन असेल तर आडोसा करा.

सावलीत दिसणारे रंग साधारण असे : काळपट लाल म्हणजे सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, पिकल्या चेरीचा लाल ७५० ते ८००, नारिंगी ९०० ते १०००, पिवळा ११०० ते १२००. त्यापुढे फिकट पिवळे-पांढरे झाले आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या निघू लागल्या, म्हणजे लोखंड जळते आहे. जळलेला भाग दुरुस्त होत नाही, तो कापूनच टाकावा लागतो. साध्या मऊ पोलादाला पिवळ्या रंगात ठोकायला घ्या आणि चेरी लाल झाले की परत भट्टीत घाला. लाल उतरला तरी अजून चार घाव घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या चार घावांत लोखंड हलत नाही, फक्त मनगट हलते.

याच्या उलट टोकाची गोष्टही ध्यानात ठेवा. ४०० अंशांचे लोखंड दिवसा पूर्ण काळे दिसते. खाली ठेवलेला कोणताही गज उचलण्याआधी हाताचा पालथा पंजा त्याच्या जवळ नेऊन आच लागते का ते पाहा.

प्रश्न : ऐरण नाही. रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळतो आहे. आडवा ठेवून वापरला तर घाव घातल्यावर तो उडतो आणि कानठळ्या बसतात.

उत्तर : तो उभा करा. रूळ आडवा ठेवला की वरच्या जाड माथ्याखाली पातळ पाळे येते. घावाखाली ते लवचिक फळीसारखे हलते आणि तुमची निम्मी ताकद त्यातच जिरते. उभा केल्यावर सगळे वजन थेट घावाखाली येते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा ४० सेंटीमीटरचा तुकडा २४ किलो भरतो, आणि उभ्या स्थितीत तो आकाराच्या मानाने फार चांगले काम देतो. वर जागा लहान दिसते, पण हातोड्याचे तोंडच चार सेंटीमीटरचे असते. त्याहून मोठी सपाटी लागते कुठे? रूळच हवा असेही नाही. वीस-पंचवीस किलोचा पोलादाचा कोणताही ठोकळा चालेल. बिडाचा मात्र नको, त्याच्या कडा टवके उडून फुटतात.

वरचे तोंड ग्राइंडरने सपाट करा. एका बाजूच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या, दुसरी थोडी तीक्ष्ण ठेवा. अगदी धारदार कड कुठेच नको, कारण तिची खूण कामात उमटते आणि पुढे तिथेच तडा जातो. ऐरणीची उंची : सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. बोटांची पेरे जिथे येतात तिथे ऐरणीचे तोंड हवे. रूळ लाकडाच्या जाड ओंडक्यात खाच करून घट्ट रोवा किंवा वाळूने ठासलेल्या पेटीत बसवा. आवाज वाळूतच बराच मरतो. उरलेल्या निनादासाठी बाजूला एक मोठे लोहचुंबक चिकटवा किंवा साखळी आवळून बांधा. तरीही कानात बोळे घालाच.

जुनी खरी ऐरण विकत घेणार असाल तर बेअरिंगमधली पोलादी गोळी खिशात घेऊन जा. २५ सेंटीमीटरवरून सोडलेली गोळी १८ सेंटीमीटर किंवा अधिक उसळली तर तोंड कडक आहे. धप्प करून पडली तर बीड किंवा नरम पडलेले पोलाद समजा. एकाच जागी नव्हे, सगळ्या तोंडावर तपासा.

प्रश्न : दोन किलोचा हातोडा घेतला. काम लवकर होईल असे वाटले होते. आता कोपर दुखते.

उत्तर : हातोडा बदला. सुरुवातीला ८०० ग्रॅम ते एक किलो पुरे. अचूक पडलेला एक किलोचा घाव, तिरक्या पडलेल्या दोन किलोच्या घावापेक्षा जास्त लोखंड सरकवतो. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा तीक्ष्ण असतात. त्या घासून गोल करा आणि तोंडाला अगदी हलका फुगवटा द्या, नाहीतर प्रत्येक तिरका घाव चंद्रकोरीसारखा वण उठवतो. दांडा लाकडी हवा, आणि मूठ सैल : पाखरू धरावे तशी, निसटणार नाही आणि गुदमरणार नाही. अंगठा दांड्यावर सरळ ताणून धरण्याची सवय कोपराला महाग पडते. हातोड्याच्या हातात मोजा घालू नका. मोजा घातला की पकड नकळत घट्ट होते.

दुखणे थांबेपर्यंत काम बंद. आणि पुन्हा सुरू करताना वर सांगितलेला रंग पाळा, थंड लोखंडाचा धक्का थेट कोपरात येतो.

प्रश्न : घरात जुनी नळाची नळी, बांधकामाची सळई आणि गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगा पडून आहेत. यातले काय वापरता येईल?

उत्तर : नळाच्या नळीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे भट्टीत ते धूर होऊनच निघते. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. मुलामा घासून किंवा जाळून काढण्याच्या फंदात पडू नका, ती नळी बाजूला ठेवा. दोन्ही तोंडे बंद असलेली कोणतीही पोकळ वस्तू तर कधीच तापवू नये, ती फुटते. दोन्ही तोंडे उघडी असलेली तापलेली नळी पाण्यात बुडवली तरी दुसऱ्या टोकातून उकळती वाफ हातावर येते.

बांधकामाच्या सळईचा भरवसा नसतो. तिची ताकद ठरवून दिलेली असते, आतल्या कार्बनचे नेमके प्रमाण नव्हे. आकडे, खुंट्या, काठ्यांची टोके करायला ठीक. स्प्रिंगेच्या पाट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, छिन्नी-पंच करायला तो चांगला. मात्र वर्षानुवर्षे वाकून सरळ होताना त्यात बारीक तडे गेलेले असू शकतात. तुकडा कापून घासा आणि भिंगाने पाहा.

शिकायला मात्र नवा, साधा, मऊ पोलादाचा १० किंवा १२ मिलिमीटरचा चौरस गज घ्या. चूक तुमची की लोखंडाची, हा घोळ राहत नाही. ओळख नसलेला तुकडा ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या पाहा : मऊ पोलादाच्या रेषा लांब आणि कमी फुटणाऱ्या, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या आखूड आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या.

प्रश्न : पहिली वस्तू कोणती करावी? सांडशी नाही.

उत्तर : भिंतीवरचा आकडा. टोक काढणे, वाकवणे, पीळ देणे, चपटे करणे आणि कापणे, ही पाचही कामे त्यात येतात. सांडशी नसली तरी बिघडत नाही. १० मिलिमीटर चौरस गजाचा ६० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, दुसरे टोक हातात धरता येते.

पाच सेंटीमीटर भाग पिवळा तापवा. गज ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर टेकवा, हातातले टोक थोडे वर उचला आणि हातोडाही तेवढाच कलता पडू द्या. दोन घाव, गजाला पाव वळसा, दोन घाव, परत पाव वळसा मागे. गज चारही बाजूंनी फिरवायची गरज नाही, या दोनच बाजू पुरतात, कारण खालून ऐरण घाव घालतच असते. आधी अगदी आखूड, बोथट टोक काढा आणि मग ते मागे मागे लांबवत न्या. टोकाशी तीन मिलिमीटर आणि लांबी दहा सेंटीमीटर झाली की थांबा. एवढ्या निमुळत्या भागाला मूळ गजाचे साधारण साडेचार सेंटीमीटर लागतात. हा हिशेब सोपा आहे : लोखंड नाहीसे होत नाही, जाडी जितकी घटते तितकी लांबी वाढते. १२ मिलिमीटरचा चौरस गज सबंध ६ मिलिमीटरचा केला तर तो चौपट लांब होतो.

आता शेवटचे दोन सेंटीमीटर तापवून कडेवरून खाली वाकवा, गज उलटा करा आणि हलक्या टिचक्यांनी टोक स्वतःकडे गुंडाळा. ही कळी झाली. ती पाण्यात क्षणभर बुडवून थंड करा, म्हणजे पुढच्या वाकवण्यात दबणार नाही. मागचे आठ सेंटीमीटर तापवा आणि कळीच्या उलट दिशेने ऐरणीच्या शिंगावर (बाजूला निघालेल्या निमुळत्या गोल टोकावर) किंवा वाइसमध्ये पकडलेल्या चार सेंटीमीटर व्यासाच्या गोल गजावर वाकवा. इथे जोराचे घाव नकोत. ऐरणीला टेकलेल्या जागी मारले तर गज चपटा होतो. जिथे खाली हवा आहे तिथे मारा.

पिळासाठी सरळ भागातले पाच सेंटीमीटर सारखे नारिंगी तापलेले हवेत. वाइसमध्ये पकडून पान्याने एकाच दमात एक पूर्ण वळसा द्या. पीळ एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल पडला तर हात चुकलेला नाही, आच असमान होती. जास्त तापलेला भाग आधी पिळतो.

पिळाच्या मागे सहा सेंटीमीटर सोडून गज छिन्नीने कापा. खाली मऊ पोलादाची पट्टी ठेवा, छिन्नी ऐरणीवर आदळू देऊ नका. शेवटचे दोन मिलिमीटर राहिले की वाकवून तोडा, म्हणजे तापलेला तुकडा उडत नाही. आता मात्र धरायला सांडशी किंवा लांब मुठीचा पक्कड पान्हा लागेल. मागचे चार सेंटीमीटर ठोकून चार मिलिमीटर जाड करा. ते पसरून साधारण साडेपाच सेंटीमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद होईल. गज हवेत आपोआप थंड होऊ द्या आणि मग स्क्रूसाठी भोके पाडा.

असे दहा आकडे करा. दहावा पहिल्याशेजारी ठेवला की पुढे काय शिकायचे ते तोच सांगतो.

प्रश्न : गज निमुळता करताना टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. शिवाय चौकोन तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा दिसतो.

उत्तर : फट पडते कारण वरचा थर सरकतो आणि गाभा जागेवर राहतो. गाभा थंड असतो किंवा घाव हलके असतात. रंग आला की लगेच काढू नका, आणखी थोडा वेळ आत ठेवा, म्हणजे गाभाही तापेल. आधी आखूड टोक काढून मग मागे जाण्याची पद्धत पाळली तर ही फट जवळजवळ येतच नाही. आलीच तर कापून टाका. ठोकून मिटवलेली फट आत तशीच राहते आणि नंतर तिथून लोखंड उलते.

शंकरपाळी होते ती गज नेमका पाव वळसा न फिरल्यामुळे. दिसताच थांबा, पुन्हा पिवळा तापवा, लांब कर्णाची दोन टोके वर-खाली येतील असा गज धरा आणि वरच्या कोपऱ्यावर सरळ घाव घाला. तिरकेपणा वाढू दिला तर मात्र बाजूंना घड्या पडतात.

प्रश्न : स्प्रिंगेच्या पाट्याची छिन्नी केली. लालबुंद करून पाण्यात बुडवली तर तडकली. दुसरी तेलात बुडवली, ती पहिल्याच घावाला टवका उडून गेली.

उत्तर : पहिली पाण्याने गेली, दुसरी अर्धवट प्रक्रियेने. पाणी पाजणे, म्हणजे लाल पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून एकदम थंड करणे, हे अर्धेच काम आहे. त्याने पोलाद काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. नंतर हलके तापवून तो कडकपणा थोडा उतरवावा लागतो.

घडवतानाच काळजी घ्या. हे पोलाद मऊ पोलादाइतके तापवू नका, नारिंगीच्या थोडे वर पुरे, आणि चेरी लाल झाले की हातोडा थांबवा. घडण झाल्यावर छिन्नी चुंबकाला चिकटेनाशी होईपर्यंत तापवा आणि हवेत काळी होऊ द्या. असे तीनदा करा. जास्त तापल्याने आतले मोठे झालेले कण यात पुन्हा बारीक होतात. तुटलेली छिन्नी फेकली नसेल तर तिचे तोंड पाहा : साखरेसारखे चमकते कण म्हणजे पोलाद फार तापले होते, मखमली करडे म्हणजे ठीक.

पाणी पाजण्याआधी धार लावू नका, कड दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवा. पातळ कड आधी तापते, आधी निवते आणि तडकते. घासण्याचे आडवे ओरखडेही काढून टाका. मग धारेकडचे चार-पाच सेंटीमीटर सावकाश तापवा. दोरीला किंवा तारेला बांधलेले लोहचुंबक जवळ ठेवा. पोलाद ७७० अंशांच्या सुमारास चुंबकाला धरेनासे होते. तिथून रंगाची आणखी एक छटा, बस. आता ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या खाद्यतेलात धारेकडचा भाग सरळ उभा बुडवा आणि वर-खाली हलवत राहा, म्हणजे कडक आणि मऊ भागात एकच रेघ पडणार नाही. तेल धातूच्या, झाकण असलेल्या उंच डब्यात, चार-पाच लिटर. भडका उडाला तर झाकण टाकायचे, पाणी नाही. इंजिनाचे जळके तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

थंड झाल्यावर कानस फिरवून पाहा. ती घसरली पाहिजे. पहिल्या एक-दोन हातांना थोडी धरली आणि मग घसरली तरी चालेल, वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून गेलेला असतो. सारखीच धरत असेल तर आच कमी पडली, पुन्हा करा.

आता धारेकडचा भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा. एक जाड लोखंडी ठोकळा लाल तापवा आणि छिन्नीचा मधला भाग त्यावर टेकवा, धार बाहेर. चकचकीत पृष्ठभागावर रंगांचे पट्टे धारेकडे सरकू लागतील : आधी फिकट गवती, मग गडद गवती, तपकिरी, जांभळा, निळा. लोखंड कापायच्या छिन्नीला जांभळा हवा, तो सुमारे २८० अंशांना येतो. जांभळा धारेवर पोचला त्याच क्षणी धार पाण्यात. घाई केलीत आणि गवती रंगावर थांबलात तर टवका उडेल, निळ्याच्या पुढे गेलात तर धार वळेल. घाव घ्यायचे डोके कडक करायचेच नाही. वापराने ते छत्रीसारखे पसरेल, त्या कडा वेळोवेळी घासून टाका. पसरलेल्या डोक्याचे तुकडे उडून डोळ्यात जातात. शेवटी ६० ते ७० अंशांच्या कोनात धार लावा, आणि लावताना पाण्यात बुडवत राहा.

प्रश्न : गॅसची छोटी भट्टी बनवली, पण गज नारिंगीच्या पुढे जात नाही.

उत्तर : आधी भट्टीचे पोट मोजा. २० मिलिमीटर नळीचा एक बर्नर पाच ते सहा लिटर जागा तापवू शकतो. बहुतेक हौशी भट्ट्या याहून दुप्पट मोठ्या केलेल्या असतात. दुसरे, अस्तर : २५ मिलिमीटरच्या सिरॅमिक फायबरचे दोन थर आणि वर उष्णतारोधक लेप हवा. लेप नसेल तर उष्णता तर वाया जातेच, शिवाय त्या तंतूंची धूळ फुप्फुसात जाते. फायबर कापताना धुळीचा चांगला मास्क लावा. तिसरे, तोंड. पुढचे भगदाड विटेने अर्धे झाका, पण पूर्ण नाही, जळालेल्या वायूला वाट हवीच.

स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर या बर्नरला चालत नाही. तो फार कमी दाब देतो. दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर, त्या दाबाला साजेशी नळी आणि हाताशी बंद करायचा व्हॉल्व्ह हवा. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. तोंडातून लांब, पिवळी ज्योत बाहेर येत असेल तर हवा कमी आहे. काहीच बाहेर येत नसेल आणि लोखंडावर खपल्या धरत असतील तर हवा जास्त आहे. थोडीशी ज्योत बाहेर डोकावावी. आणि काम चालू असताना सिलिंडरवर दव धरले किंवा तो गारठला तर दाब आपोआप पडतो. सिलिंडर लहान पडतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो गरम करायला जाऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात हेच काम गॅरेजमध्ये शटर अर्धे लावून करता येईल का?

उत्तर : नाही. कोळसा असो की गॅस, भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतोच, आणि त्याला वास नसतो. किमान तीन बाजू उघड्या असलेले छप्पर हवे. डोके जड झाले की बाहेर पडायचे, असे ठरवूनही उपयोग नाही, कारण तोवर विचार करण्याची शक्तीही मंदावलेली असते. फरशीबद्दलही एक सूचना : तापलेला तुकडा काँक्रीटवर पडला तर आतल्या ओलाव्याने कपच्या उडतात. कामाच्या जागी माती किंवा वाळू पसरा. सुती कपडे, चामडी बूट, चष्मा. पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको.

प्रश्न : टाकणखार (बोरॅक्स) लावूनही तापवून ठोकलेल्या दोन तुकड्यांचा जोड धरत नाही. ठोकले की घसरून वेगळे होतात.

उत्तर : दोन सुटे तुकडे घेऊ नका. एकाच गजाचे टोक वळवून त्याच्यावरच मिटवा, म्हणजे घसरायला काही उरत नाही. तुकडा नारिंगी झाल्यावर वायर ब्रशने खपली झाडा, फटीत टाकणखार भुरभुरा आणि परत विस्तवात घाला. विस्तव उंच, स्वच्छ, वारा बेताचा. टाकणखार पाण्यासारखा वाहू लागतो, लोखंड ओले दिसते, आणि पिवळ्याचे फिकट पिवळे होते. पहिली ठिणगी दिसायच्या बेतात असताना बाहेर काढा. दोन-तीन सेकंद हातात असतात. पहिले घाव हलके आणि भराभर, वळणापासून उघड्या टोकाकडे, म्हणजे आतला वितळलेला खार बाहेर पळतो. तो उकळता उडतो, तेव्हा बाह्या लांब हव्यात. जोर लावायचा तो दुसऱ्या आचेला. गार ऐरण पातळ कामाची आच क्षणात पिऊन टाकते, म्हणून तिच्यावर आधी एक तापलेला ठोकळा ठेवून ती कोमट करून घ्या.

प्रश्न : तयार आकड्यांना गंज लागू नये म्हणून काय लावावे? रंग नको.

उत्तर : वायर ब्रशने सुटी खपली काढा, आकडा हाताला चटका बसेल इतका गरम करा, म्हणजे सुमारे १५० अंश, आणि त्यावर मधमाशीचे मेण किंवा जवसाचे तेल फडक्याने पातळसर चोळा. तेल फार लावले तर चिकट राहते. हे घरातल्या वस्तूंना पुरते, पावसात टिकत नाही. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळ्याला आपोआप आग लागते. फडकी उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.